इमर्जन्सीत बदल घडवणारी माणसं कशी तयार करावीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: इमर्जन्सी विभागात सुधारणा करण्याची जबाबदारी काही सिस्टर, डॉक्टर आणि तंत्रज्ञांवर सोपवली. त्यांना नेतृत्वाच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला पाठवलं. परत आल्यावर महिनाभर उत्साह होता, मग सगळं पहिल्यासारखं झालं. आता त्यांच्या प्रशिक्षणाची आखणी कशी करावी?

प्रशिक्षण विभागातच घ्या, एका खऱ्या आणि लहान बदलाभोवती बांधा, निदान सहा महिने चालवा आणि त्यासाठी लागणारा वेळ ड्यूटी रोस्टरमध्ये लिहून द्या. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात आधी करा. आठवड्याला प्रत्येकी चार तास, त्या वेळेत रुग्णांची जबाबदारी दुसऱ्या नावावर, आणि ही चार तासांची पाळी गर्दी झाली म्हणून मोडायची नाही. एवढं देता येत नसेल तर प्रशिक्षण पुढे ढकललेलं बरं. ड्यूटी संपल्यावर थांबून केलेलं सुधारणेचं काम दोन महिन्यांत बंद पडतं, आणि त्याहून वाईट म्हणजे ज्यांनी मनापासून केलं तीच माणसं पुढच्या वेळी हात वर करत नाहीत.

कार्यशाळेतलं का टिकत नाही, याचं कारण शिकणाऱ्यांच्या आळसात नाही. तिथे संवाद, संघभावना, दूरदृष्टी हे शब्द शिकवले जातात. परत आल्यावर समोर असतो रात्री अकराचा विभाग: चार स्ट्रेचर बाहेर, ईसीजी मशीन सापडत नाही, वरच्या वॉर्डात पलंग नाही. या दोन्हींना जोडणारं कौशल्य कुणी शिकवलेलं नसतं. ते कौशल्य म्हणजे काम प्रत्यक्षात कसं होतं ते बारकाईने पाहणं, त्यातली एकच गोष्ट बदलून बघणं आणि फरक पडला की नाही हे प्रामाणिकपणे मोजणं.

निवड करताना फक्त ज्येष्ठता पाहू नका. एक सिस्टर, एक डॉक्टर आणि नोंदणी किंवा रुग्ण नेण्या-आणण्याच्या कामातलं एक माणूस अशी तिघांची तुकडी चांगली चालते. रुग्णाचा वेळ जिथे जातो त्यातल्या निम्म्या जागा तिसऱ्या माणसालाच ठाऊक असतात. तिघांपैकी एक जण तरी नियमित रात्रपाळी करणारा हवा. त्यांच्या पाठीशी प्रशासनातली एक अधिकारी व्यक्ती हवी, जिच्या सहीने मशीन हलतं, खर्च मंजूर होतो आणि दुसऱ्या विभागाच्या प्रमुखाला बोलावता येतं. तिने दर दोन आठवड्यांनी अर्धा तास विभागात येऊन, उभ्याने, तुकडीचं ऐकायचं. तिच्या दालनात सादरीकरण ठेवलं की आकडे सजवले जातात आणि अडचणी मागे राहतात.

पहिले तीन-चार आठवडे फक्त पाहायला शिकवा. उपाय सुचवायला बंदी. हे कठीण जातं, कारण इमर्जन्सीतल्या माणसाचा पिंडच झटपट कृतीचा असतो. पण इथे घाई केली तर चुकीच्या जागी मेहनत जाते.

उदाहरण म्हणून छातीत दुखणारा रुग्ण घ्या. आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी काढून तो डॉक्टरने वाचलेला असावा, हा जगभर मान्य असलेला निकष आहे. तुकडीने घड्याळ आणि कागद घेऊन एका रुग्णासोबत चालायचं. समजा नोंद अशी झाली: ७.०२ ला दारात, ७.०९ ला नोंदणीचा कागद हातात, ७.१५ ला ट्रायाज सिस्टरने (कुणाला आधी पाहायचं ते ठरवणाऱ्या सिस्टरने) विचारपूस केली, ७.१६ ला ईसीजी सांगितला, ७.२३ ला मशीन आलं, ७.२७ ला पट्टी निघाली, ७.३४ ला डॉक्टरने पाहिली. एकूण ३२ मिनिटं. त्यात प्रत्यक्ष ईसीजीला लागली ४. नोंदणीची रांग ७, ट्रायाजची वाट ६, मशीन शोधणं ७, आणि तयार पट्टी काउंटरवर पडून राहिली तीही ७. हे आकडे पाहिल्यावर ‘तंत्रज्ञांना ईसीजी लवकर काढायचं प्रशिक्षण द्या’ हा उपाय आपोआप गळून पडतो. बैठकीत मात्र पहिल्यांदा नेमका तोच सुचवला गेला असता.

अशा किमान २० रुग्णांच्या नोंदी घ्या, त्यातल्या निम्म्या रात्रीच्या आणि सुट्टीच्या दिवशीच्या. मोजण्याआधी घड्याळं जुळवा. भिंतीवरचं घड्याळ, संगणक आणि ईसीजी मशीन यांच्या वेळांत पाच-सात मिनिटांचा फरक सहज असतो, आणि १० मिनिटांच्या निकषात तेवढ्याने सगळा हिशोब खोटा पडतो. मशीनची वेळ दर आठवड्याला कुणी तपासायची ते नावानिशी ठरवा. ‘आगमन’ म्हणजे काय तेही लिहून ठेवा. नोंदणीच्या वेळेपासून मोजलं तर दारातल्या रांगेतली मिनिटं कागदावरून नाहीशी होतात, रुग्णासाठी मात्र ती गेलेलीच असतात.

कोणते रुग्ण मोजायचे हेही तितकंच महत्त्वाचं. फक्त ‘छातीत दुखतं’ म्हणणारे घेतले तर दम लागलेले, पोटाच्या वरच्या भागात दुखणारे, घाम येऊन गळून गेलेले वयस्क आणि मधुमेही रुग्ण सुटतात. बायकांच्या बाबतीत ही चूक जास्त होते. सर्वाधिक उशीर नेमका यांनाच होत असतो, म्हणून यांना वगळलेला आकडा छान दिसतो.

मग उद्दिष्ट लिहायला शिकवा. ‘ईसीजी लवकर काढणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘३० वर्षांवरच्या, हृदयविकाराची शंका असलेल्या रुग्णांपैकी ९० टक्क्यांचा ईसीजी दारात आल्यापासून १० मिनिटांत काढून वाचलेला असेल, आणि हे चार महिन्यांत साधेल’ हे उद्दिष्ट झालं. त्यासोबत एक-दोन तोल सांभाळणारी मापंही ठेवा, म्हणजे एकीकडे सुधारताना दुसरीकडे काही बिघडत नाही ना हे कळतं. इथे ती मापं अशी: इतर रुग्णांना ट्रायाजसाठी किती थांबावं लागलं, आणि ईसीजी दाखवण्यासाठी डॉक्टरांचं काम तासाला किती वेळा मधेच तोडलं गेलं.

हे का लागतं, ते इंग्लंडच्या चार तासांच्या निकषावरून समजावता येतं. २००४ पर्यंत ९८ टक्के रुग्ण चार तासांच्या आत विभागातून पुढे जावेत असं तिथे ठरलं. वाट पाहण्याचा काळ खरोखरच कमी झाला. पण रुग्ण बाहेर पडण्याच्या वेळा आलेखावर मांडल्या तर चार तास संपण्याच्या ऐन आधीच्या मिनिटांत मोठा उंचवटा दिसायचा. म्हणून शिकणाऱ्यांना केवळ टक्केवारी न देता सगळ्या रुग्णांच्या वेळांचा पसारा काढायला लावा. निकषाच्या काठावर गर्दी दिसली तर काम निकषासाठी होतंय हे लगेच ध्यानात येतं.

आता प्रत्यक्ष बदल. योजना, कृती, अभ्यास, पुढची कृती या चक्राचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं, ते नीट केलेलं मात्र फार थोड्यांनी असतं. पहिली चाचणी एका रुग्णावर, एका सिस्टरसोबत, एका पाळीत करायची. आधी अंदाज लिहायचा: ‘नोंदणीच्या आधीच दारात तीन प्रश्न विचारून ईसीजीला घेतलं तर पट्टी १० मिनिटांत डॉक्टरच्या हातात पडेल.’ अंदाज न लिहिता केलेल्या चाचणीतून काहीच शिकायला मिळत नाही, कारण जे घडलं ते आपल्याला आधीच ठाऊक होतं असं मागाहून प्रत्येकाला वाटतं.

या चाचणीत काय बिघडतं ते जवळजवळ ठरलेलं आहे. नोंदणी नसल्याने रुग्णक्रमांक नसतो आणि पट्टी बिननावाची निघते. पाठोपाठ दोन रुग्ण आले तर एकाची पट्टी दुसऱ्याच्या कागदात जाऊ शकते, आणि ही चूक उशिरापेक्षा घातक आहे. म्हणून तात्पुरत्या क्रमांकाचे मनगटपट्टे आणि त्याच क्रमांकाचे स्टिकर दारातच तयार ठेवायचे, आणि पट्टी मशीनमधून फाडण्याआधी तिच्यावर नाव, वय, वेळ लिहायची. दुसरी अडचण आडोशाची. दारापाशी पडदा आणि कॉट नसेल तर बायकांचा ईसीजी आपसूक मागे ढकलला जातो. तिसरी अडचण वाचणाऱ्याची. ‘कुणीतरी डॉक्टर बघतील’ म्हटलं की पट्टी काउंटरवर पडते. प्रत्येक पाळीत ईसीजी वाचणारा डॉक्टर नावाने ठरवा. त्याने पट्टीवर वेळ आणि सही टाकायची आणि एसटी (हृदयविकाराच्या झटक्याची खूण देणारा आलेखाचा भाग) वर उचललेला आहे की नाही हे शब्दांत लिहायचं. पहिला ईसीजी साधारण दिसला तरी दुखणं चालू असेल तर पुन्हा काढायचा, ही सूचनाही त्याच कागदावर असू द्या. नाहीतर लवकर काढलेला पहिला ईसीजी खोटा दिलासा देतो.

एक रुग्ण, मग पाच, मग एक अख्खी पाळी, मग रात्र, मग सगळा आठवडा. दर पायरीला पद्धत थोडी बदलेल आणि बदलायलाच हवी. सोमवारपासून सर्वांसाठी लागू असं परिपत्रक काढलं की पद्धत दुरुस्त करायची संधी संपते. त्यानंतर उरतं ते पाळलं की नाही एवढंच, आणि न पाळणाऱ्यांना रागावण्यात सगळ्यांची ताकद खर्च होते.

मोजमापात धावता आलेख, म्हणजे काळाच्या क्रमाने एकेक बिंदू मांडत नेलेला आलेख, पुरेसा आहे. दर आठवड्याला दहा रुग्ण घ्या, त्यांच्या वेळेचा मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढा, एक बिंदू मांडा. सरासरी घेऊ नका, दोन तास अडकलेला एक रुग्ण ती कुठल्या कुठे नेतो. निदान दहा बिंदू झाल्यावर सगळ्यांच्या मधोमध मध्यकाची रेषा ओढा. सलग सहा किंवा जास्त बिंदू रेषेच्या एकाच बाजूला आले, किंवा सलग पाच बिंदू चढत वा उतरत गेले, तर काहीतरी खरंच बदललंय असं धरायचं. पहिल्या नियमात रेषेवरच पडलेला बिंदू मोजायचा नाही. ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन खांब दाखवणारा आलेख मात्र मान्य करू नका. सुधारणा आपल्या बदलाच्या आधीच सुरू झाली होती का, की ती होऊन पुन्हा घसरली, हे त्यात दिसत नाही. आलेख हाताने काढलेला, सगळ्यांना दिसेल असा चहाच्या जागेपाशी लावा.

किती मिळवता येतं याची कल्पना द्यायला फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या स्ट्रोकच्या (पक्षाघाताच्या) कामाचं उदाहरण घ्या. तिथे रुग्णालयात आल्यापासून गुठळी विरघळवणारं औषध देईपर्यंतचा मध्यक वेळ १९९८ मध्ये १०५ मिनिटं होता, २०११ मध्ये तो २० मिनिटांवर आला. एका झटक्यात नव्हे. वर्षानुवर्षं एकेक गोष्ट बदलत गेले. रुग्णवाहिकेकडून आधी कळवणं, रुग्णाला रुग्णवाहिकेच्याच स्ट्रेचरवरून थेट सीटी स्कॅनला नेणं, औषध सीटीच्या टेबलावर सुरू करणं. नंतर मेलबर्नमधल्या एका रुग्णालयाने हीच पद्धत चार महिन्यांत उचलली आणि कामाच्या वेळेतला मध्यक २५ मिनिटांवर आणला. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी मात्र म्हणावा तसा फरक पडला नाही. हा दुसरा भाग शिकणाऱ्यांना आवर्जून सांगा. बदल दिवसाच्या मनुष्यबळावर उभा केला की रात्री तो कोसळतो. म्हणून आलेखात दिवस आणि रात्र वेगवेगळ्या रंगात मांडा.

आत कितीही सुधारलं तरी बाहेर पडायचा रस्ता बंद असेल तर विभाग तुंबतो, हेही शिकवायलाच हवं. हिशोब साधा आहे. तासाला ६ रुग्ण येतात आणि प्रत्येक जण सरासरी ४ तास राहतो, तर कोणत्याही क्षणी विभागात २४ जण असतात. वॉर्डात पलंग नाही म्हणून सरासरी ६ तासांवर गेली की तेच ३६ होतात. कॉट ३० असतील तर ६ जण कॉरिडॉरमध्ये. येणारे वाढलेले नाहीत, आतल्यांचं काम मंदावलेलं नाही, तरी गर्दी झाली. हे उदाहरण कागदावर सोडवून घेतलं की ‘साधे रुग्ण उगाच इथे येतात म्हणून गर्दी होते’ हा समज बराचसा निवळतो. सर्दी-खोकल्याचा रुग्ण खुर्चीवर बसतो आणि तासाभरात जातो. दाखल करायचं ठरलेला रुग्ण कॉट आणि सिस्टर दोन्ही धरून ठेवतो.

आणि हा प्रश्न जिवाचा आहे. इंग्लंडमधल्या माहितीवर आधारलेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की दाखल करायच्या रुग्णाला वॉर्डात जायला आल्यापासून ६ ते ८ तासांपेक्षा जास्त वेळ लागला, तर अशा दर ८२ रुग्णांमागे ३० दिवसांत एक जादा मृत्यू होतो. तुकडीने हे वॉर्डाच्या प्रमुखांसमोर मांडायला शिकायचं, आणि मांडताना तक्रारीचा सूर न ठेवता स्वतःच्या विभागाची माहिती न्यायची: दाखल करण्याचा निर्णय कधी झाला, पलंग कधी मिळाला, रुग्ण कधी हलला. या तीन वेळा वेगळ्या ठेवल्या तर बरेचदा पलंग रिकामा असूनही नेणारं माणूस नव्हतं, किंवा हँडओव्हर (रुग्णाची माहिती आणि जबाबदारी) घ्यायला फोनवर कुणी आलं नाही, असं निघतं. त्याला पलंग वाढवावे लागत नाहीत.

माणसांचा विरोध कसा हाताळायचा, हे प्रत्येक तुकडी विचारते. विरोध करणाऱ्याला बहुतेक वेळा एखादी गोष्ट दिसत असते जी तुकडीला दिसलेली नाही. ‘हे रात्री जमणार नाही’ म्हणणाऱ्या सिस्टरला ‘नेमकं कुठे अडेल?’ असं विचारा, तिचं उत्तर लिहून घ्या आणि पुढच्या चाचणीत ती अडचण मुद्दाम तपासा. निकाल आधी तिला सांगा, मग इतरांना. समजावण्याच्या भाषणांपेक्षा हे फार लवकर पोचतं. पाळी बदलताना तीन मिनिटं राखून ठेवा: काल काय करून पाहिलं, काय अडलं, आज काय करणार. ती तीन मिनिटं दरवेळी वेगळ्या माणसाने बोलायची, त्यात तंत्रज्ञ आणि वॉर्डबॉयही आले.

जागेवरच्या सरावाला, म्हणजे खऱ्या खोलीत, खऱ्या पाळीतल्या माणसांसोबत केलेल्या सिम्युलेशनला, या प्रशिक्षणात मोठं स्थान द्या. पंधरा मिनिटं प्रसंग, तितकाच वेळ चर्चा, महिन्यातून दोनदा, त्यातला एक रात्री. यातून माणसांचं कौशल्य तर कळतंच, पण लपलेले दोष जास्त सापडतात: सक्शनची नळी कॉटपर्यंत पोचत नाही, सिलिंडरची किल्ली जागेवर नाही, लहान मुलांच्या आकाराचा मास्क वेगळ्या कपाटात, रक्तपेढीचा फोन कुणी उचलत नाही. प्रत्येक दोषापुढे नाव आणि तारीख लिहा आणि पुढच्या सरावात आधी तोच तपासा. सुरक्षेचे नियम कडक हवेत. सरावाची औषधं ठळक रंगाच्या पट्टीने ओळखू येतील अशी, वेगळ्या पेटीत. संपल्यावर मोजून परत. सरावाची सलाइन खऱ्या ट्रॉलीत राहिली तर ती रुग्णापर्यंत पोचू शकते. विभाग भरलेला असेल तर सराव रद्द करायचा, आणि तो अधिकार पाळीच्या इन्चार्ज सिस्टरकडे. चर्चेत सुरुवात ‘काय चुकलं’ने न करता ‘त्या क्षणी तुम्हाला काय दिसत होतं?’ने करायला शिकवा. चूक दाखवली की माणूस बचावात जातो. काय दिसत होतं हे विचारलं की मॉनिटर त्याच्या पाठीमागे होता हे कळतं.

सहा महिन्यांचा क्रम साधारण असा बसतो: पहिला महिना पाहणं आणि मोजणं, पुढचे दोन महिने छोट्या चाचण्या, चौथा-पाचवा महिना सगळ्या पाळ्यांत पसरवणं, सहावा सोपवणं. वर्गातले धडे एकूण सहा-सात, दीड तासाचे, आणि ज्या आठवड्यात ते कौशल्य वापरायचं आहे त्याच आठवड्यात. धावता आलेख स्वतःचे आकडे हातात नसताना शिकवला तर विसरतात. तुकडीला बाहेरचा एक अनुभवी मार्गदर्शक द्या, जो तिच्या कामाचं मूल्यमापन करणारा वरिष्ठ नसेल. फसलेली चाचणी मोकळेपणाने सांगता यायला हवी. प्रमाणपत्रही परीक्षेतल्या गुणांवर नको. तीन लिहिलेल्या चाचण्या, त्यातली निदान एक फसलेली आणि तिच्यातून काय बदललं याची नोंद, एक आलेख, आणि पाळीतल्या दोन सहकाऱ्यांचं म्हणणं, एवढ्यावर द्या.

नवीन काम घालताना जुनं एखादं काम काढून टाकायची शिस्त लावा. ट्रायाजच्या कागदावर दोन रकाने वाढवायचे असतील तर कोणते दोन जातील ते आधी ठरवा. इमर्जन्सीतली माणसं थकलेली असतात, आणि थकलेल्या माणसावर आणखी एक तक्ता लादला की तो पाळीच्या शेवटी एकदम, अंदाजाने भरला जातो. मग आलेखही खोटा होतो.

सहाव्या महिन्यातलं सोपवणं बहुतेक ठिकाणी राहूनच जातं. तुकडीतली सिस्टर दुसऱ्या विभागात गेली, रेसिडेंट डॉक्टरची या विभागातली नेमणूक संपली की बदलही जातो. म्हणून बदलाचं मालकपण पदाला जोडा: घड्याळं जुळवणं सोमवारच्या सकाळच्या इन्चार्जकडे, मनगटपट्ट्यांचा साठा स्टोअरच्या माणसाकडे, ईसीजी वाचणाऱ्याचं नाव रोस्टरमधल्याच एका रकान्यात. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाच्या पहिल्या पाळीत हा दहा मिनिटांचा धडा ठेवा. वर्षभर दर महिन्याला दहा रुग्णांचा नमुना मोजत राहा, पाच रात्रीचे, पाच दिवसाचे. दोन महिने लागोपाठ वेळ वाढलेला दिसला तर कुणाला दोष देण्याआधी पुन्हा कागद-घड्याळ घेऊन एका रुग्णासोबत दारापासून चाला.